सहा किलोंची बंडी

अण्णांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. मी खोली बघायला आले होते. मे महिन्याचं ऊन, हातात पिशवी, घामाघूम. ओसरीवरच्या खुर्चीतून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, पाणी आण की. चौऱ्याहत्तर किलो उन्हातनं चालत आलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आदल्याच दिवशी डॉक्टरांच्या काट्यानं चौऱ्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम दाखवलं होतं, आणि तो आकडा मी सख्ख्या बहिणीलाही सांगितला नव्हता. माझं थायरॉईड कमी आहे. सहा वर्षं झाली, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते. निम्मी भाकरी खाल्ली तरी अंगावर अख्खी दिसते. अशा बाईनं असल्या माणसाच्या घरात भाड्यानं राहायला जाऊ नये. पण खोली वरच्या मजल्यावरची, हवेशीर होती, माझी शाळा जवळ होती, आणि अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, पाण्याबरोबर गुळाचा खडा आणून ठेवला होता. मी राहिले.

अण्णा शाहूपुरीतल्या गूळ बाजारात मापाडी होते. गूळ आणणारा शेतकरी एका बाजूला, घेणारा व्यापारी दुसऱ्या बाजूला, आणि मधे वजन करून आकडा ओरडणारा तिसरा माणूस, तो मापाडी. दोघांचाही त्याच्यावर विश्वास बसावा लागतो. अण्णांनी अडतीस वर्षं हे केलं. काट्यावर चढवण्याआधीच त्यांना गुळाच्या रव्याचं, म्हणजे ढेपेचं, वजन डोळ्यानं कळायचं, आणि हीच सवय पुढे माणसांना लागली. घरी येणाऱ्याचं स्वागत ते आकड्यानं करायचे. "या पावणं, त्रेसष्ट. बसा." शेजारच्या मुलीला बघायला मंडळी आली होती, तेव्हा हे कुंपणावरून नवऱ्या मुलाकडे बघून म्हणाले, "पोरगं बावन्न हाय. पोरगी अठ्ठावन्न. घर तिलाच सांभाळावं लागणार बगा." ते लग्न मोडलं नाही, हे शेजाऱ्यांचं नशीब.

बाजारात बटणांचे काटे आले तेव्हा जुना लोखंडी काटा भंगारात निघाला. अण्णांनी तो उचलून घरी आणला आणि ओसरीवर मांडला. खाली माणूस उभा राहील एवढी फळी, वर दांडी आणि दांडीवर सरकणारा गोळा. त्याच्या शेजारी मापांची लाकडी पेटी. पन्नास ग्रॅमपासून पाच किलोपर्यंतची लोखंडी मापं, प्रत्येकाला आपापला खळगा. दर शनिवारी अण्णा ती मापं काढून तेलाच्या फडक्यानं पुसायचे. गॅसची टाकी काट्यावर चढल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नसे. भाजीवाला आमच्या दारात आला की आपणहून दोन मिरच्या जास्त टाकायचा. आणि उलटंही तितकंच खरं. एकदा वाण्याकडून हरभऱ्याची डाळ पन्नास ग्रॅम जास्त आली, तर अण्णा भर दुपारी ती कागदात बांधून परत देऊन आले.

"खोटं माप म्हंजे चोरी," ते म्हणायचे. "आमच्या धर्मात ह्ये चोरीतच धरलंय, बाई. कमी द्या न्हाय तर जास्त घ्या, दोन्ही चोरीच."

ते जैन. दिवस मावळायच्या आत खालचं जेवण उरकलेलं असायचं. माझ्या डॉक्टरांनी मला वजनासाठी हेच सांगितलं होतं, लवकर जेवा, चाला, आणि ही गोळी बारीक व्हायची गोळी नाही हे डोक्यात ठेवा. अण्णांनी माझी सगळी पथ्यं तोंडपाठ केली. सकाळी सहाला खालून हाक यायची, "बाई, गोळी घेतलीसा?" मी वरून हो म्हणायची. "मग च्या सात वाजता. वास आला तर बगा." गोळीनंतर तासभर चहा चालत नाही, म्हणून सात वाजेपर्यंत मी चहाचं भांडं शेगडीवर ठेवायला घाबरायची. हसू नका. मी मुळातच भित्री आहे. वर्गातल्या पोरांनाही मी कधी मोठ्यानं रागावले नाही.

त्या घरात आलेलं पहिलं भय मात्र माझं नव्हतं.

अण्णांचं वजन सत्तर किलो होतं. आयुष्यभर सत्तर. दर रविवारी सकाळी अंघोळ झाली की ते काट्यावर उभे राहायचे आणि काकू दांडीवरचा गोळा सरकवायच्या. हा त्यांच्या लग्नापासूनचा खेळ होता. एका रविवारी दांडी अडुसष्टवर थांबली. दोन आठवड्यांनी सदुसष्टवर. अण्णा तर जास्तच खात होते. सकाळी चार भाकऱ्या, दुपारी पाच, वर दूध, वर केळी. तरी सदऱ्याचे खांदे उतरायला लागले. थंडीत त्यांना घाम यायचा. पेला उचलला की पाणी सांडायचं. मापं पुसताना एक माप दुसऱ्यावर टकटक वाजायचं आणि ते झटकन दोन्ही खाली ठेवायचे.

त्यांचा थोरला भाऊ असाच गेला होता. आधी वजन गेलं, मग तो गेला, सगळं चार महिन्यांत. हे मला काकूंनी सांगितलं, आवाज न काढता. "आमच्या घरात माणूस जायच्या आदी वजन जातंय," एवढं बोलून त्या तांदूळ निवडायला लागल्या.

पासष्टवर आल्यावर मीच त्यांना माझ्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. थायरॉईड निघालं, पण माझ्या उलट, वाढलेलं. अण्णांना केवढा आनंद झाला! कॅन्सर नव्हता. रिक्षात ते मला म्हणाले, "तुमचं कमी, माझं जास्त. मधली भिंत पाडूया आन् निम्मं निम्मं करूया." गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा, मग डोस ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, संपलं.

पण काकूंचं संपलं नव्हतं. काकूंनी बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात जाऊन नियम घेतला होता. जैनांत रस सोडतात. दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि मीठ असे सहा रस, त्यातला एखादा कुणी दिवसापुरता सोडतं, कुणी पर्वापुरता. काकूंनी आपला वेगळाच हिशेब मांडला. ह्यांचा एक किलो गेला की माझा एक रस गेला. किलो परत आला की रस परत घ्यायचा. सत्तराचे पासष्ट झाले तोवर त्यांनी गूळ सोडला होता, मग दूध, दही, तूप, तेल. मापाड्याच्या घरातल्या बाईनं सगळ्यात आधी गूळ सोडला. उरलं होतं फक्त मीठ.

पुढच्या रविवारी दांडी चौसष्टवर आली. त्या दिवसापासून काकू अळणी जेवायला लागल्या. मूळच्या निपाणीकडच्या, हडकुळ्या, साडीत हरवून जातील इतक्या बारीक. आठवड्याभरात एकदा त्या धुण्याची बादली घेऊन जिन्याच्या पायथ्याशी मटकन बसल्या, आणि मी वरून धावत आले तर म्हणाल्या, "काय न्हाय, अव्वा. डोळ्यापुढं जरा अंधारलं."

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याकडे वर आले. हातात एक जुनी बंडी, खादीची. माझ्याकडे शिलाई मशीन आहे. म्हणाले, "हिला आतनं चार खिसे लावून द्या की. जाड कापडाचे. दुहेरी शिवण मारा."

"एवढे खिसे कशाला, अण्णा?"

"म्हाताऱ्या माणसाला लागत्यात." मग जिन्याकडे बघत, आवाज बारीक करून, "हिला सांगू नगासा."

मी शिवून दिले. मला वाटलं, लपवून बिड्या ओढत असतील. खरं सांगते, मला एवढंच सुचलं.

त्या रविवारी दांडी पासष्टवर गेली. मग सहासष्टवर. काकूंनी देवापुढे साखर ठेवली आणि वजन चढायला लागलं म्हणून सगळे रस परत घेतले असं अण्णांना सांगितलं. अण्णांना आता पोट सुटलंय असं गल्लीत बोलायला लागले. चेहरा सुरकुतलेला, मनगटं काटक्यांसारखी, डोळे बाहेर आल्यासारखे मोठे, आणि मधे हे पोट. शेजारचे म्हणाले, गोळ्यांनी असं होतं. मीही तेच म्हणाले.

आणि त्याच दिवसांत काकूंचं पाऊल संध्याकाळी माझ्या जिन्यावर वाजायला लागलं. अंधार पडायच्या आधी त्या यायच्या, हातात वाटी. कधी घरचं कढवलेलं तूप, कधी साईचं दही, कधी दूध, कधी गुळाचा खडा, कधी तेलाची छोटी बरणी. "खावा बाई. डब्यात फार हाय." मी नको नको म्हणायची. डॉक्टरांनी माझं तूप चमच्यावर आणलं होतं. पण काकूंच्या तुपाला नाही म्हणणं माझ्यानं होईना, आणि तूप टाकून देणं तर त्याहून होईना. ताज्या भातावर घालून मी ते खाल्लं. तीन महिने कळंब्याच्या तळ्यापर्यंत चालून घालवलेला दीड किलो तीन आठवड्यांत परत आला, वर आणखी दीड घेऊन. अण्णा मला बघून काही बोलेनात. मला वाटलं, लाजेला जपतायत.

मग आम्ही दोघं एकाच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. काकूही होत्या. बाहेर लोखंडी बाकडं होतं. अण्णा बसले आणि बाकडं वाजलं, खण्ण. माणूस बसल्यावर बाकडं असं वाजत नाही. काकू पलीकडे बघत होत्या. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि सदरा नीट केला.

नर्सनं आधी मला काट्यावर बोलावलं. मी नेहमीप्रमाणे चप्पल काढली, घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या, तेवढे शंभर ग्रॅम तरी कमी भरावेत म्हणून. शहात्तर. मग अण्णा चढले. चप्पल न काढता. सहासष्ट. डॉक्टर खूष झाले. "वजन वाढतंय म्हणजे गोळी लागू पडली. डोस तोच ठेवू. रक्ताचा रिपोर्ट कुठे आहे?" अण्णा म्हणाले, लॅब बंद होती. डॉक्टरांनी परत लिहून दिलं, या वेळी नक्की करा म्हणाले. अण्णांनी तो कागद घडी घालून वरच्या खिशात ठेवला. त्या हाताचा थरकाप मी बघितला.

औषधाच्या दुकानापाशी काकू पुढे गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, खिशात काय आहे?"

काकू लांब गेल्याचं त्यांनी आधी बघून घेतलं. मग म्हणाले, "दोन दोन किलोची दोन. एकेक किलोची दोन."

"सहा किलो?"

"ही मिठावर आलती, बाई. आता मीठ सोडलं, फुडं काय सोडणार? जीवच की." रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत ते बोलत होते. "अडतीस वरसं खोटं माप केलं न्हाय. आता केलं. त्याचं पाप माझं मला लागू दे. पर ही जेवाया लागली. तुपाचा डबा मी रोज काट्यावर ठेवून बघतो. रोज उतरतोय. खातीया ती. बाई, तुमी कुणाला बोललासा तर माझं मेलेलं तोंड बघशीला."

शपथ घातली. मी मान हलवली. भित्र्या माणसाकडून शपथ घेणं सोपं असतं.

त्यानंतर मला एकच काम उरलं. मी हिशेब करत बसायची. काटा सहासष्ट सांगतो, त्यातनं सहा गेले, म्हणजे साठ. म्हणजे गोळ्या पुरत नव्हत्या. दुखणं आत वाढत होतं आणि डॉक्टरांना कळत नव्हतं, कारण डॉक्टरांना माप खोटं मिळत होतं. वर्गात फळ्यावर लिहिताना मधेच खडू थांबायचा. सकाळी सहाची हाक आली की आधी सुटल्यासारखं व्हायचं, आले बाबा आजही. एकदा हाकेला पाच मिनिटं उशीर झाला तर मी गोळी हातात घेऊन जिन्यात उभी होते.

एक दिवस अण्णा माझं टपाल द्यायला वर आले आणि शेवटच्या पायरीवर बसूनच राहिले. सहा किलो लोखंड घेऊन चौदा पायऱ्या. मानेजवळची शीर उडत होती, कातडीखाली पाखरू अडकल्यासारखी. मी घड्याळ लावून मोजलं. एका मिनिटात एकशे चाळीस. त्यात मधेच एखादा ठोका चुकत होता. त्यांनी मला मोजताना पाहिलं. "बगू नगासा," म्हणाले, आणि कठड्याला धरून उतरले.

त्याच संध्याकाळी काकू आल्या. वाटी नव्हती. त्यांनी माझ्या उंबऱ्याजवळच्या पायरीवर मिठाचा पुडा ठेवला. मीठ हातात देत नाहीत, म्हणून खाली ठेवला. "असू दे तुमाला," म्हणाल्या आणि वळल्या.

तूप कुणीही कुणाला देतं. दही देतं. मीठ कोण देतं? मी तिथंच उभी राहिले आणि एकदम मला सगळं कळलं. वाट्या आठवल्या. तूप, दही, दूध, तेल, गूळ, आता मीठ. काकूंनी यातलं काहीच परत घेतलेलं नव्हतं. अण्णा डबा तोलून बघतात म्हणून त्या रोज डब्यातलं तूप उतरवून माझ्याकडे आणत होत्या. त्यांनी सोडलेलं तूप माझ्या अंगावर चढत होतं. मला स्वतःची किळस आली, आणि भीती तर अशी वाटली की मी तशीच, चप्पल न घालता, त्यांच्या मागोमाग खाली गेले.

अण्णा बस्तीत गेले होते. काकू स्वयंपाकघरात ताटलीत नुसता भात घेऊन बसल्या होत्या. वर कढत पाणी.

"काकू, तुम्हाला माहीत आहे?"

त्यांनी भात कालवला. "पेटी बगते की मी. दर शनवारी. सहा किलो कमी हायत पेटीत. ह्ये साठावर आल्यात."

"मग बोलत का नाही?"

"अय्यो, कसं बोलू?" त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "ह्यांनी जन्मात कधी खोटं माप केलं न्हाय. माझ्यासाठी केलं. ते मी बगितलं असं ह्यास्नी कळलं, तर काळीज फुटून जातील त्याच दिवशी. गावात मान खाली घातली न्हाय कधी. माझ्याम्होरं घालतील?" घास तोंडाकडे नेऊन त्यांनी परत खाली ठेवला. "बाई, तुमी त्यास्नी सांगू नगासा मला म्हाईत हाय म्हणून. माझ्या गळ्याची आण."

दुसरी शपथ.

त्या दोघांच्या मधे उभी राहून मी विचार केला. नवरा बायकोच्या भीतीनं मरत होता, बायको नवऱ्याच्या भीतीनं उपाशी मरत होती, आणि मी दोघांच्या भीतीनं तूपभात खात होते. दुसऱ्या दिवशी शाळेत न जाता मी डॉक्टरांकडे गेले आणि अण्णांची शपथ मोडली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दीड महिना."

ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त म्हणाले, "हृदय किती दिवस असं धावेल, बाई? उद्याच घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तपासणीच्या खोलीत होतो. डॉक्टर नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अण्णा, आज छाती नीट तपासायची आहे. सदरा आणि बंडी काढा."

अण्णा हलले नाहीत. त्यांनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मी विसरलेले नाही. तिच्यात राग नव्हता. बाजारात एखाद्यानं काट्याखाली पाय लावल्याचं दिसल्यावर ते असेच बघत असतील. मग काकूंकडे पाहिलं. काकू केव्हाच उठून भिंतीकडे गेल्या होत्या. आमच्याकडे पाठ करून त्या कॅलेंडर वाचत होत्या, जणू कोणती तिथी कधी आहे एवढीच त्यांना चिंता होती.

अण्णांनी सदरा काढला. बंडी काढली. दोन्ही हातांनी खुर्चीवर ठेवली, अगदी हळू, तरी आवाज झालाच. बरगड्या एकेक मोजता येत होत्या.

"या काट्यावर," डॉक्टर म्हणाले.

साठ. वर एक दाणा नाही.

काकूंनी वळून पाहिलं नाही. डॉक्टरांनी आकडा मोठ्यानं वाचला नाही, कागदावर लिहिला. तिथल्या तिथे रक्त घेतलं, हृदयाचा आलेख काढला, आणि अण्णांना चार दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. ते चार दिवस मी देवाकडे जे मागितलं ते असं की, माझं वजन हवं तेवढं वाढू दे, पण त्यांचं वाढव. माझ्यासारखीनं हे मागावं, म्हणजे बघा.

त्यांचं वाढलं. सावकाश. गोळ्या बदलल्या, डोस वाढला, हाताचा कंप थांबला. पण अण्णा माझ्याशी बोलेनात. सकाळी सहाची हाक बंद झाली. आणखी एक गोष्ट झाली, ती गल्लीत सगळ्यांनाच चुकल्यासारखी वाटली. अण्णांनी माणसांना आकडे सांगायचं सोडलं. पाहुणा आला की "या" म्हणायचे आणि गप्प बसायचे. गॅसची टाकी न तोलता आत जायला लागली. काटा ओसरीवर होता, पण रविवार सोडून त्याला कुणी हात लावत नव्हतं.

घरात काय चाललंय हे मला फक्त जिन्यावरून कळायचं. आधी मीठ यायचं थांबलं. त्या दिवशी मी शाळेत पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, कारण कुणालाच सांगितलं नाही. मग तेल थांबलं. मग एका संध्याकाळी मी दार उघडं ठेवून बसले होते, आणि तुपाची वाटी आली नाही. खाली काकू जेवत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. मी तशीच बसून रडले. दही थांबलं, दूध थांबलं. फक्त गुळाचा खडा यायचा. एक किलो अजून बाकी होता.

आठ महिन्यांनी एका दुपारी अण्णा वर आले. हातात ती बंडी, धुऊन घडी केलेली.

"खिसे उसवा," म्हणाले.

मी कात्री घेतली. दुहेरी शिवण, लवकर निघेना. ते समोर बसून होते. तिसरा खिसा निघाल्यावर म्हणाले, "बाई, त्या दिवशी हिनं बगितलं का?"

मला काकूंच्या गळ्याची आण आठवली. मान वर न करता मी म्हणाले, "नाही, अण्णा. त्या कॅलेंडर बघत होत्या."

मी चौथा खिसा उसवायला लागले.

"तुमी माप मारलंसा," ते शांतपणे म्हणाले. "कॅलेंडरच्या शेजारी डॉक्टरच्या बापाचा फोटो हाय. त्याला काच हाय. मी बंडी खाली ठेवली तवा हिचं तोंड दिसत हुतं त्यात. रडत न्हवती. ओठ हलत हुते." त्यांनी बंडी माझ्या मांडीवरून उचलून घेतली. "मोजत हुती. दोन, दोन, एक, एक. तिला आकडा आदीच म्हाईत हुता."

त्यांनी बंडीचे दोरे एकेक करून वेचले आणि मुठीत धरले.

"हिला सांगू नगासा," ते म्हणाले, "मला कळलंय म्हणून."

तिसरी शपथ. मी मान हलवली.

ते उतरायला लागले. अर्ध्या जिन्यात थांबले, वळले, आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आठ महिन्यांनंतर पहिल्यांदा. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "बहात्तर! उतरलं की बाई हिचं तूप."

संध्याकाळी जिन्यावर पाऊल वाजलं. पायरीवर गुळाचा खडा होता. खाली काट्यावर अण्णांचं अजून एकोणसत्तरच भरत होतं.